काठाची चौदा भोकं

१२ नोव्हेंबर

तीर्थरूप बाबा,

नमस्कार. मी ठीक आहे, वेळेवर जेवते आहे, खाली उतरताना स्वेटर घालते आहे. झाले तुमचे नेहमीचे तीन प्रश्न. पत्रास कारण की... ते मागाहून सांगते.

काम जोरात चाललं आहे. अणुभट्टीतला कचरा हजारो वर्षं इथे जमिनीखाली ठेवायचा, म्हणून खडकाला केसाएवढी चीरही चालत नाही. पाणी तिथूनच वाट काढतं. प्रत्येक सुरुंगानंतर अर्धा तास सगळं बंद ठेवतात आणि भिंतीत बसवलेल्या यंत्रांतून खडक कुठे तडकतोय ते मी ऐकते. परवा ऐन शांततेत मुकादम शिंकले आणि आलेखावर डोंगर उमटला. "लिही, मुकादमाला तडा गेला," तेच म्हणाले.

तुमच्या गेल्या चारही पत्रांत एकच विचारणा होती, 'मी खणलेल्या शेवटच्या बोगद्यात कचऱ्याचा पहिला डबा कधी ठेवणार?' चारही वेळा मी हवापाण्याचं लिहिलं. मी हवापाण्यावर आले की काहीतरी लपवते आहे, हे तुम्ही ओळखलं असणारच.

बाबा, तिथे डबा ठेवणार नाहीत. भिंत दोन हात आतपर्यंत तडकली आहे. मी तीनदा मोजलं, तिसऱ्यांदा तर यंत्र बदलून. काठाच्या चौदा भोकांत सुरुंगाची दारू बेताने भरायची, नाहीतर मागची भिंत तडकते, हे मला तुम्हीच शिकवलंत. तिथे मधल्या भोकांएवढीच भरली गेली. तीस वर्षांत तुमच्या हातून हे एकदाच झालं.

तो दिवस मला ठाऊक आहे. दवाखान्यातून मीच फोन केला होता, "आई वाट बघतेय, लवकर या." अर्धवट भरलेली भोकं सोडून कुणाला निघता येत नाही, म्हणून उरलेली तुम्ही घाईघाईने भरलीत आणि अंगावरच्या धुळीसकट आलात. आई तुमचा हात धरून गेली.

अहवालात 'कारण' असा रकाना आहे. खडकच कच्चा होता असं लिहिलं असतं, तर कुणी उलटून विचारलं नसतं. पण 'दगडापाशी भीड नको, भीड भिकेची बहीण' हे तुमचंच. 'काठाला जादा दारू' लिहून सही केली. फोनसाठी तिथे रकाना नव्हता, म्हणून ते तुम्हाला लिहिते आहे.

अहवाल सोमवारी वर जाईल. त्याआधी हे माझ्याकडून कळावं एवढंच वाटत होतं. पुढच्या महिन्यात बोगदा भरून बंद करतील. मुकादमांनी तुमच्यासाठी परवानगी काढली आहे. तुमची टोपी अजून खुंटीलाच आहे म्हणाले. एकदा येऊन भिंतीला हात लावा. रागवायचं असेल तर तिथेच रागवा, मी शेजारी उभी असेन. पुन्हा तशी वेळ आली तर मी तो फोन करीन, बाबा, आणि पुन्हा अशीच सहीही करीन.

या वेळी घाई करू नका. सावकाश या, पण या.

वाट बघणारी,
तुमची मुलगी