‘दोन्ही’ कितवी?

२ फेब्रुवारी

संपादकांचा फोन. रविवारच्या पुरवणीत अख्खं पान देतो म्हणाले. "तुमची आवडती पाच एस्प्रेसो ब्लेंड्स. पण मोठ्या कंपन्यांची नकोत हं. जे छोट्या भट्टीवर स्वतः भाजतात आणि स्वतः विकतात, त्यांची." एरवी माझ्या कॉफीच्या सदराला आठवड्याला चार बोटं जागा मिळते, तीही शब्दकोड्याच्या खाली. आणि आता अख्खं पान! मी म्हटलं, बघते, वेळ काढावा लागेल. फोन ठेवला आणि स्वयंपाकघरात जाऊन एकटीच हसले.

आई ओट्याशी उभी होती. काय झालं म्हणून विचारलं, सांगितलं. म्हणाली, "कॉफीचं पानभर काय लिहायचं असतं? कडू लागते, साखर घालावी."

३ फेब्रुवारी

चार नावं डोळे मिटून लिहिली. ‘दुपार’ – दोन मैत्रिणी गाडीच्या गॅरेजात भाजतात. भाजलेल्या शेंगदाण्यांची चव, दुधात सुद्धा दबत नाही. ‘अर्धी सुट्टी’ – निवृत्त गणिताचे मास्तर. कॉफी त्यांच्यासारखीच, आधी कडक आणि मग बराच वेळ गोड. ‘शेजारी’ – संत्र्याच्या सालीचा वास. सकाळी उपाशीपोटी नको, दुपारी घ्यावी. ‘तिसरी घंटा’ – एक जुना नट भाजतो. थोडं नाटकी आहे, पण झोप उडते.

पाचवं सुचेना. सुचेल.

५ फेब्रुवारी

संपादक म्हणतात, पाचवी ‘दोन्ही’ घ्या. वाचकांची पत्रं येतात म्हणे, ‘दोन्ही’बद्दल ताई कधीच का लिहीत नाहीत. मी म्हटलं, प्यायलेली नाही. हे खरं आहे. का प्यायले नाही ते संपादकांना सांगायची गरज नव्हती.

‘दोन्ही’ बारक्याची आहे. बारक्या म्हणजे माझा धाकटा भाऊ. लहानपणी काडी होता म्हणून नाव पडलं. आता एका बारक्यात दोन बारके मावतील.

पाच वर्षं बोलत नाही आम्ही. आधी भट्टी दोघांची होती. मी हलकं भाजायची, तो काळंकुट्ट. मी म्हणायची, कोळसा उगाळावा तितका काळाच. तो म्हणायचा, तुझे दाणे कच्चे आहेत, पेरले तर उगवतील. असं रोज. शेवटी एका सकाळी गिऱ्हाइकासमोर बोलला, "ताईची कॉफी आजाऱ्याला चालते." मग मी माझा दाण्यांचा डबा त्याच्या डब्यात उपडा केला, एप्रन काढला आणि एक अक्षर न बोलता बाहेर पडले. एक अक्षर नाही! भांडणात जो गप्प राहतो तो मोठा, हे मला तेव्हाही कळत होतं.

आणि ‘दोन्ही’ हे काय नाव झालं? काय दोन्ही? चहा आणि कॉफी?

६ फेब्रुवारी

आईला हे वाक्य ऐकवलं – मी एक अक्षर न बोलता बाहेर पडले होते. आई शेंगा सोलत होती. "तू?" एवढंच म्हणाली आणि पुढची शेंग घेतली.

आईचं विंचवाचं बिऱ्हाड आहे. एक महिना माझ्याकडे, एक महिना बारक्याकडे. "मी कुणाचं कुणाला सांगत नाही," म्हणते. त्यामुळे बारक्याची भट्टी आता कुठे आहे, नवं यंत्र किती मोठं आहे, त्याचं वजन किती वाढलं आणि वहिनी त्याला कशी पोळी मोजून वाढते, हे सगळं मला माहीत आहे.

८ फेब्रुवारी

ठरलं. चाखायची, पण डोळ्यांवर पट्टी बांधून. नाव बघितलं तर माझी जीभ वाकडी होईल हे मला कळतं. माझ्या जिभेच्या भरवशावर लोक पैसे खर्च करतात. तेवढंच एक माझं आहे, ते खोटं होऊन चालणार नाही.

नवरा मदत करणार. त्याचं चष्म्याचं दुकान आहे. तो स्वतः गरम पाणी पितो, त्यामुळे पक्षपाताचा प्रश्न नाही. पाच कपांवर त्यानं चष्म्याच्या नंबराच्या चिठ्ठ्या चिकटवल्या, खरी नावं बुडाला. मी शेजारच्या खोलीत, दार बंद.

९ फेब्रुवारी

पहिल्यांदा यंत्राच्या वाफेनं त्याचाच चष्मा धुरकटला आणि दोन कप कुठले कुठले झाले. परत केलं.

‘अधिक दीड’ पहिला! शंकाच नाही. आधी जळत आलेल्या साखरेसारखी, मग मधेच एकदम हलकी, लिंबाच्या पानासारखी, आणि घोट गेल्यावर तोंडात बराच वेळ काहीतरी राहतं. काय ते सांगता येईना. ओळखीचं वाटलं. नवऱ्याला म्हटलं, ‘अर्धी सुट्टी’ ना? मास्तरांनी यंदा कमाल केली आहे.

त्यानं कप उलटा केला. ‘दोन्ही’.

१० फेब्रुवारी

काल सर्दी असणार. परत चाखलं. या वेळी ‘उणे दोन’ पहिला.

तोही ‘दोन्ही’.

नवऱ्यावर संशय घेतला. तुला वहिनीचा फोन आला होता का, म्हणून विचारलं. तो दुखावला. रात्री माझ्याशी नाही, आईशी बोलत जेवला.

११ फेब्रुवारी

आज मुद्दाम आधी कच्चा कांदा खाल्ला. तरी तीच.

१२ फेब्रुवारी

पाकीट उघडून दाणे बघितले. हसूच आलं. दोन रंगांचे दाणे! अर्धे काळेभोर, अर्धे फिके, सरळ एकत्र केलेले. शहाणा माणूस सगळे दाणे एकसारखे भाजतो. हे म्हणजे एका पायात बूट, एका पायात चप्पल. आणि तरी चव अशी!

एक चूक सापडली. हलके दाणे किंचित घाईनं काढले आहेत. अजून थोडा धीर धरला असता तर मधला आंबटपणा गोल झाला असता. ही चूक सापडल्यावर जीव जरा थंडावला.

१३ फेब्रुवारी

यादी पुरी केली. ‘दुपार’ पहिली. ‘दोन्ही’ पाचवी. पाचवीसुद्धा यादीतच असते, अन्याय काही नाही.

नवऱ्याला वाचायला दिली. त्यानं चष्मा पुसला, परत घातला, परत वाचली. म्हणाला, "माझ्या दुकानात मी ज्याच्याशी बोलत नाही तो आला, तरी त्याला चुकीच्या नंबरचा चष्मा देत नाही." आणि गेला दुकानात.

असा माणूस घरात असला की भांडणसुद्धा धड करता येत नाही.

१४ फेब्रुवारी

दिवसभर ‘दोन्ही’ चौथ्या नंबरवर होती. संध्याकाळी तिसऱ्या.

आईला म्हटलं, पहिली लिहिली तर बारक्या गावभर सांगेल – बघा, ताईचं नाक कापलं. आई म्हणाली, "सांगेल तर सांगेल. तुझं नाक केवढं आहे, थोडं कापलं तरी उरेल." मग म्हणाली, "तुम्ही दोघं एकाच माळेचे मणी. सुंभ जळला तरी पीळ जात नाही." मी म्हटलं, मला कशाला त्याच्यात ओढतेस? "बरं, त्याचा पीळ," म्हणाली, आणि टीव्ही लावला.

खरं सांगायचं तर मला बारक्या हसेल याची भीती नाही. तो हसणारच नाही, त्याला काही वाटणारच नाही, याची भीती आहे. पाच वर्षांत त्यानं एकदाही फोन केला नाही. मीही नाही केला, पण मी मोठी आहे.

१५ फेब्रुवारी

पाठवली. ‘दोन्ही’ पहिली.  लगेच संपादकांना फोन केला, बदल करता येईल का. पान छपाईला गेलं म्हणाले.

१८ फेब्रुवारी, रविवार

छापून आलं. अख्खं पान, माझा फोटो जरा काळा आलाय. नीट काढून चिकटवते इथे:

"पहिल्या क्रमांकावर ‘दोन्ही’. नाव मूर्खासारखं आहे. दोन भाजण्यांचे दाणे एकत्र करण्याची पद्धतही मूर्खासारखीच. पण तीन वेळा डोळे बांधून चाखली आणि तिन्ही वेळा हीच पहिली आली, तेव्हा माझ्यासमोर दुसरा मार्ग उरला नाही. हलके दाणे किंचित घाईनं काढलेले आहेत, ते भाजणाऱ्यानं शिकून घ्यावं. बाकी, विकत घ्या. दूध घालू नका. साखर घालाल तर मला सांगू नका."

आईनं तिच्या कपात चार चमचे साखर घातली आणि मला सांगितलं.

२० फेब्रुवारी

आईचा महिना संपला. बारक्याकडे गेली. जाताना पुरवणीची जास्तीची प्रत पिशवीत घालत होती. मी म्हटलं, कशाला? म्हणाली, "डब्याखाली घालायला."

२१ फेब्रुवारी

‘दुपार’वाल्या मैत्रिणींचा फोन, दुसरा नंबर दिल्याबद्दल आभार. त्याही ‘दोन्ही’च पितात, असं हळूच म्हणाल्या. मास्तर मात्र रागावलेत, तिसरा नंबर ही बेरीज चुकली म्हणतात.

बारक्याकडून काही नाही.

२३ फेब्रुवारी

आईचा फोन. दुकानाबाहेर रांग आहे. ‘दोन्ही’ सकाळीच संपते. वहिनीला पिशव्या भरून भरून हात दुखतोय. मी विचारलं, आणि तो? आई म्हणाली, "मी कुणाचं कुणाला सांगत नाही." पण फोन ठेवेना. मग म्हणाली, "पान भिंतीला लावलंय. येता जाता वाचतो. हसत नाही. काही बोलत पण नाही."

मी म्हटलं, बरं.

बरं काय, काही बरं नाही. दोन घास जेवले आणि ताट सरकवलं.

२५ फेब्रुवारी

बारक्याचा फोन आला होता. हॅलो नाही, काही नाही. "ताई, नाव मूर्खासारखं म्हणतेस, पण ते मी ठेवलेलं नाही. त्या दिवशी तुझा डबा माझ्या डब्यात उपडा केलास ना, तेव्हा तूच ओरडलीस – घे, दोन्ही घे, आणि पी! सगळ्या गल्लीनं ऐकलं. मला ते फेकवेना. प्यायलो. संपेपर्यंत दुसरं काही गळ्याखाली उतरेना झालं."

मग म्हणाला,

"हलके दाणे घाईत निघतात, बरोबर लिहिलंस. ते तुझे आहेत. पाच वर्षं करून बघतोय, मला नाही जमत. येतेस का?"

मी एक अक्षर न बोलता फोन ठेवला. या वेळी खरंच.

हे चपला घालूनच लिहितेय.