छातीतली करकर

माणिकपूर, ४ नोव्हेंबर २००१
आलो एकदाचे वसईत! भिंतींना अजून रंगाचा वास आहे, पण बाल्कनीतून नारळ दिसतात. अनुष्काच्या हृदयातलं भोक बुजवल्यावर मुंबईच्या हॉस्पिटलातून तिला थेट या नव्या घरात आणलं. इथली हवा तिला मानवेल, असं तिच्या बाबाचं, सुमेधचं, म्हणणं. शेजारच्या इझाबेलबाई गरम पाव घेऊन आल्या. छातीला टाके आहेत, काखेत धरून उचलायचं नाही, हे सांगितल्यावर त्यांनी तिला अलगद ओंजळीत घेतल्यासारखं घेतलं. आज पोरीनं दुधाची अख्खी बाटली संपवली. पूर्वी चार घोटांत घामाघूम व्हायची.

९ नोव्हेंबर
अनुष्काला ताप. जखम कोरडी आहे. इथल्या डॉक्टरांनी सर्दीचं औषध दिलं. पण आडवं ठेवलं की किंचाळते, खांद्याशी उभी धरली की गप्प. तशी धरली असताना माझा कान तिच्या छातीला लागला. आत काहीतरी वाजत होतं. नवी कोल्हापुरी चालताना करकरते तसं, प्रत्येक ठोक्याला. सुमेध म्हणाला, टाके सुकत असतील.

१२ नोव्हेंबर
करकर वाढली. भाजी चिरतानाही कानात तीच. इझाबेलबाईंनी ऐकलं, छातीवर क्रुसाची खूण केली आणि म्हणाल्या, मुंबईला न्या. ऑपरेशनवाले डॉक्टर परगावी गेलेत. सुमेध म्हणतो, ते येईपर्यंत पोरीला हलवायला नको. मी ऐकलं त्याचं.

१४ नोव्हेंबर, सकाळ
आवाज थांबला! कितीदा कान लावला, काही नाही. सुमेधनं पेढे आणले.
पण दूध तोंडात घेत नाही. मानेवरची शीर फुगलीय. रडतही नाही—

दुपार
डॉक्टर फोनवर सापडले. आवाज गेला, हे मी आनंदानं सांगितलं. ते म्हणाले, "आधी हृदय आणि त्याभोवतीचं आवरण एकमेकांवर घासत होतं. आता मध्ये पाणी भरलंय, ते हृदयाला दाबतंय. तिला घेऊन निघा, आत्ताच्या आत्ता."
ऑपरेशननंतर कधीकधी शरीर आपल्याच हृदयावर उलटतं, म्हणाले. परकं समजून.
तिचंच शरीर. मी दूध पाजून वाढवलेलं—

हॉस्पिटल
आत नेलं तिला. सुईनं पाणी काढणार. हातपाय गार होते. गाडीत माझं बोट धरून होती, मग मूठ सुटली— झोपली असेल— लिहीत राहते, नाहीतर ओरडेन.

दार उघडलं. नर्स माझ्याकडे बघत नाही. सुमेधला एकट्यालाच बाजूला बोलावतेय. तो मान हलवतोय, नाही, नाही—
मला का नाही बोलावत? आई मी आहे. मी