अँटवर्पची रिकामी खुर्ची

झ्वोले, ८ जुलै

ती. हिस्काताईस,
शि. सा. न. वि. वि.

सुखरूप पोचलीस ना? विचारावंसं वाटत नाहीये, पण रीत म्हणून विचारते. ताई, तुझ्यापुढे मी हात टेकले! अँटवर्पला तीन दिवस नेलं, पण चित्रं तू धड बघितलीसच नाहीस. रुबेन्सच्या चित्रांतल्या उघड्या बायकांना थंडी कशी वाजत नाही, एवढं म्हणालीस आणि संग्रहालयाच्या अंगणात बसून घरून आणलेला चीज-पावाचा डबा उघडलास. अँटवर्पमध्ये पाव मिळत नाही का गं?

तरी मी ब्र काढला नाही. कारण शनिवारी रात्री आठला, आपल्या हॉटेलसमोरच्याच खानावळीत, मी तिघांसाठी टेबल सांगून ठेवलं होतं. तिसरा फिर्मिन, अँटवर्पचाच; वर्षभर आम्ही भेटतोय. शाळेत चित्रकला शिकवायचा, आता निवृत्त झालाय, बायको जाऊन बरीच वर्षं झाली. आम्हाला सप्टेंबरात लग्न करायचंय, पण तुझ्या होकाराशिवाय मी ते करणार नाही. हे शिंपले खाता खाता तुला नीट सांगायचं होतं. आणि तू? साडेपाचलाच कोपऱ्यावर बटाट्याचे तळलेले काप खाल्लेस आणि जेवण झालं म्हणून झोपायला गेलीस! दोनदा दार वाजवलं, तर ओ नाही. फिर्मिन इस्त्रीचा शर्ट घालून रिकाम्या खुर्चीकडे बघत बसला. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तुला तो पसंत नाही, असंच त्याने धरलंय. त्याला दोन ओळी लिही.

लोभ आहेच, तो आटू देऊ नकोस.

तुझी,
रेन्स्के


लेवार्डन, ११ जुलै

चि. रेन्स्केस,
अनेक आशीर्वाद.

रागावलीस तर रागाव. आपल्याकडे आईपासून सहाच्या आत जेवतात. आठला जेवायचं तर झोपायचं कधी? त्यात तू मला नदीखालच्या बोगद्यातून पायी पलीकडे नेलंस, पायीच परत आणलंस. पायाला हे एवढाले फोड! आणि तिथे माझी वाट बघत नवरदेव बसलाय, हे मला काय स्वप्नात कळणार होतं? वर्षभर त्याच्याबरोबर हिंडतेस आणि सख्ख्या बहिणीला ही बातमी शेवटी शिंपल्यांबरोबर वाढतेस! दोन ओळीबिळी मी लिहायची नाही. अनोळखी माणसाला लिहू काय, हवापाणी?

माया आहे म्हणूनच बोलते. डोकं थंड झालं की लिही.

तुझी,
ताई


झ्वोले, १५ जुलै

ती. ताईस,
नुसताच नमस्कार.

काल फिर्मिनचा फोन आला. दोघी बहिणींच्या मध्ये आपण येणार नाही, लग्न राहू दे, म्हणाला. किती विनवलं, पण ऐकत नाही. झालं समाधान? आता दर रविवारी येत जाईन तुझ्याकडे वाटाण्याचं सूप प्यायला. मरेपर्यंत.

रेन्स्के


लेवार्डन, २० जुलै

चि. रेन्स्केस,
आशीर्वाद, आणि आता गप्प बसून वाच.

त्या संध्याकाळी मी झोपले नव्हते. दार वाजलेलं ऐकलं होतं. त्याआधीच खिडकीतून तुम्ही दोघं दिसलात. त्याने तुझ्या खांद्यावर शाल घातली आणि तू हसलीस. किती वर्षांनी अशी हसलीस गं! ही त्याच्यामागे गेली की आपल्याकडे कोण येणार, एवढंच माझ्या डोक्यात आलं. मला भीती वाटली. म्हणून पांघरुणात पडून राहिले.

तुझं ते ‘मरेपर्यंत’ वाचलं आणि माझी मलाच लाज वाटली. तुझ्या लेकीकडून त्याचा पत्ता काढला (तिला सगळं ठाऊक, मला तेवढं नाही!) आणि काल गाडी धरून अँटवर्पला गेले. दार उघडून माझं नाव ऐकलं तर बिचारा पांढराफटक. भांडायला आले नाही, असं आधी सांगावं लागलं. मग नदीपर्यंत चालत गेलो. चालत कसलं! दर दारापाशी थांबून नक्षी दाखवतो. जीव नकोसा झाला. जन्म तुला काढायचाय, तू बघ.

रेन्स्के अजून हो म्हणेल का, असं त्याने विचारलं. तुला विचारायला तिथून कुठे येऊ? तुझ्या वतीने मीच हो म्हणून आले. तुला नाही म्हणायचं असेल तर स्वतः जा आणि त्याच्या तोंडावर सांग. मला ते जमायचं नाही. त्याचे डोळे भरून आले होते, आणि माझेही.

सुखी राहा, आणि मला विसरू नकोस.

तुझी,
ताई