उदक सोडलेली गाडी

नांदेड
२४ फेब्रुवारी २०२५

चि. रेणुकादास भावजी यांस,

आशीर्वाद. ते सवयीने लिहिले आहेत. मनापासून लिहायला अजून वेळ लागेल.

गुरुवार, दिनांक २० फेब्रुवारी २०२५, सकाळी अकरा वाजून चाळीस मिनिटे. तुमच्या दादांचा तेरावा दिवस. शय्यादानाला गादी, छत्री, चपला, तांब्या असं सगळं मांडलेलं होतं आणि त्या गादीवर तुम्ही माझ्या गाडीची किल्ली ठेवलीत. गुरुजींच्या हातावर पाणी सोडलंत. मी तेव्हा तुमच्या बायकोबरोबर, ज्योत्स्नाबरोबर, स्वयंपाकघरात होते. मला कळलं ते इंजिनाच्या आवाजावरून. तुमच्या लेकाने, मिहिरने, ती गुरुजींकडे पोचवायला काढताना इतकी रेस केली की क्लच जळल्याचा वास थेट आमटीच्या पातेल्यापर्यंत आला. मी बाहेर येईपर्यंत लाल गाडी कोपऱ्यावरून वळली होती आणि तुम्ही डोळे पुसत होतात. मला म्हणालात की वहिनी, दादाचा जीव मोकळा झाला.

घर पाहुण्यांनी भरलेलं होतं म्हणून मी गप्प बसले. आता कोणी नाही म्हणून लिहिते. फोनचा उपयोग नाही. तुम्हाला ऐकू येत नाही, आणि न ऐकताच तुम्ही हाव हाव म्हणून मोकळे होता.

गाडी माझी होती. तुमच्या दादांची नव्हती. मी पस्तीस वर्षं विमा कंपनीच्या मोटार विभागात काढली. बिलोलीपासून किनवटपर्यंत जिथे कुठे दोन वाहनं एकमेकांवर आदळली, तिथे जाऊन कोण खरं बोलतंय ते काचांच्या तुकड्यांवरून सांगितलं. आपली नसलेली वस्तू कोणी परस्पर देऊन टाकली तर त्याला दान म्हणत नाहीत. काय म्हणतात ते तुम्हाला ठाऊक असेल. लातूरच्या शाळेत तीस वर्षं इतिहास शिकवलात, लुटालुटीचे धडे त्यात होतेच. किल्ली माजघरातल्या फ्रीजवरच्या टोपलीत होती. ती घ्यायला तुम्ही स्वयंपाकघराच्या दारावरूनच गेलात, मग आत डोकावून विचारायला काय झालं होतं?

दुसऱ्या दिवशी मला एकटीने लोह्यापर्यंत जाऊन यायचं होतं. रडायला घरात जागा नव्हती, प्रत्येक खोलीत कोणीतरी बसलेलं होतं. गाडीत जागा होती.

लोभ होता. तो राहावा असं वाटत असेल तर गाडी माझ्या दारात आणून लावा.

सौदामिनी


लातूर
२ मार्च २०२५

ती. गं. भा. सौदामिनी वहिनींस,

रेणुकादासचा सा. न. वि. वि.

पत्र तीनदा वाचलं. ज्योत्स्नानेही वाचलं. तेव्हापासून ती माझ्याशी कामापुरतंच बोलते.

वहिनी, मी लुटारू नाही. दहाव्या दिवशी तुम्ही घाटावर नव्हतात, म्हणून तिथलं तुम्हाला माहीत नाही. पिंड ठेवला आणि कावळा शिवेना. गोदावरीच्या काठावर समोरच्या झाडावर सात-आठ बसलेले, पण एक हलेल तर शपथ. सव्वा तास आम्ही उन्हात उभे. मी म्हणालो, दादा, वहिनींना एकटं पडू देणार नाही. काही नाही. मनात म्हटलं, त्याची त्याला काळजी नसेल, वहिनी खंबीर आहेत. मग म्हणालो की तुझी पुस्तकं कॉलेजला देतो. काही नाही. शेवटी माझ्या तोंडून निघालं की दादा, तुझ्या गाडीचं चांगलं करतो, तिची काळजी सोड. बोलणं संपायच्या आत कावळा उतरला. तेरा माणसांनी पाहिलं. आता सांगा, मी काय समजायचं?

आणि गाडी दादाची नव्हती असं तुम्ही का लिहिता ते मला कळेना. कागद तुमच्या नावावर असतील. पण जीव त्याचा होता. पंचेचाळीस वर्षं इथून परत गेला की आठवड्याच्या आत त्याचं पत्र यायचं. कोणत्या गाडीने आलो, कुठे किती वेग गाठला, अहमदपूरहून चाकूर किती मिनिटांत गाठलं, सगळं. पुढे फोन आले तरी ती सवय मोडली नाही, मला ऐकू येत नाही म्हणून. शेवटचं पत्र गेल्या नोव्हेंबरातलं. दोनशेच्या वर आहेत, ट्रंकेत जपून ठेवलीत. आमचे आप्पा त्याला उभ्या जन्मात शाबास म्हणाले नाहीत. पोरगा गणिताचा मास्तर झाला, लई झालं, एवढंच म्हणायचे. पण ही पत्रं मी वाचून दाखवली की आप्पा ऐकत राहायचे आणि परत वाच म्हणायचे.

मी स्वतः दारात उभा राहून पाहायचो ना. दादा गाडी चालवत यायचा, तुम्ही शेजारी. रस्त्यावर एवढा वेग, आणि आमच्या गल्लीत बैलगाडीसारखा. विचारलं तर म्हणायचा, गल्लीत पोरंबाळं असतात बाबा.

उदक सोडलेली वस्तू परत कशी मागू? रागवा, पण तोडू नका.

आपला,
रेणुकादास


नांदेड
८ मार्च २०२५

चि. रेणुकादास भावजी यांस,

आशीर्वाद. आधी ते गं. भा. काढा. नवरा गेला म्हणून मी गंगा झाले नाही की भागीरथी. पुढच्या पाकिटावर दिसलं तर न फोडता परत येईल.

आता वाचा, आणि बसून वाचा. तुमच्या दादांनी आयुष्यात तिसरा गिअर टाकला नाही.

माझे बाबा किनवटला जंगल खात्यात होते. सिकंदराबादच्या कॉन्व्हेंटमधून मी सुट्टीला घरी आले की ते मला जीप चालवायला बसवायचे. सोळाव्या वर्षी सागाच्या झाडांमधून मी ती अशी पळवायची की बाबा मध्येच उतरून पायी घरी यायचे. लग्नानंतर वर्षभरात फियाट घेतली. गिअर स्टिअरिंगला, दार लावायचं तर खांदा मारावा लागायचा, आणि ऐंशीच्या पुढे आरसा इतका थरथरायचा की मागचं काही दिसायचं नाही. मला ते बरंच वाटायचं. मग पंच्याण्णवची एस्टीम. मुदखेडहून परतताना तिच्यात पहिल्यांदा काटा शंभराच्या पुढे गेला. त्या दिवशी घरी आल्यावर मी साडीसुद्धा न बदलता पायरीवर बसून राहिले आणि मला हसू येत होतं. मग होंडा सिटी, व्हीटेक इंजिनाची. वेग घेतला की तिचा सूरच बदलायचा. त्या सुरासाठी मी वाट वाकडी करून मोकळ्या रस्त्याने कामाला जायची. साठीनंतर ही लाल पोलो घेतली. विकणाऱ्याने विचारलं की नातवासाठी का. मी त्याला शेजारी बसवून वसमत रस्त्याने फिरवून आणलं. परत येईपर्यंत त्याने दुसरा प्रश्न विचारला नाही. आम्हाला मूलबाळ नव्हतं. मला गाड्या होत्या.

आणि तुम्ही दारातून जे पाहिलंत ते असं. लातूरच्या अलीकडे एक गुऱ्हाळ होतं. तिथे मी गाडी थांबवायची. दोघं उतरायचो, वळसा घालून जागा बदलायचो, आणि उरलेलं अंतर तुमचे दादा चालवायचे. त्यांना दुसऱ्या गिअरपलीकडे येत नव्हतं, म्हणून बैलगाडी. लग्नानंतरच्या पहिल्या दिवाळीत आप्पा सर्वांदेखत म्हणाले होते की बायको हाकते आणि हा सामानासारखा बसून येतो. तुमचे दादा त्या दिवशी जेवले नाहीत. परत जाताना त्यांनी मला विचारलं आणि मी हो म्हणाले. एक्क्याण्णवला आप्पा गेले तेव्हा मी म्हटलं की आता पुरे. ते म्हणाले, रेणुकादास दारात उभा असतो. म्हणून तुमच्यासाठी आम्ही आणखी तेहतीस वर्षं त्या गुऱ्हाळापाशी उतरलो. ते बंद पडलं तरी उतरलो.

एवढं मी कबूल केलं होतं. पत्रांचं मला माहीत नव्हतं. त्यांना घड्याळाकडे बघताना पाहून मला वाटायचं की माझ्या वेगाचं कौतुक चाललंय. तुम्ही माझी एक गाडी दिलीत. त्यांनी चारही दिल्या, आणि त्यासुद्धा शेजारी बसून.

त्यातली काही पत्रं उतरवून पाठवा. मी गाडी कशी चालवली ते एकदा मलाही वाचू द्या.

लोभाचं पुढे बघू.

सौदामिनी


लातूर
१५ मार्च २०२५

ती. सौदामिनी वहिनींस,

सा. न. वि. वि. पाकीट नीट पाहून टाकलं आहे.

तुमचं पत्र वाचून मी ज्योत्स्नाला म्हणालो की वहिनींना दुःखाने भ्रम झाला. ती म्हणाली, भ्रम तुम्हालाच झालाय, तोसुद्धा चाळीस वर्षं. दादा एवढे उंच आणि त्यांचे गुडघे स्टिअरिंगला टेकलेले असायचे, सीट वहिनींच्या मापाची लावलेली, हे आमच्या गल्लीतल्या सगळ्या बायकांना दिसत होतं म्हणे. मला का सांगितलं नाही विचारलं, तर म्हणाली की तुमचं तोंड बघवलं नसतं. धुळवडीच्या दिवशी मी घरातून बाहेर पडलो नाही.

गुरुजींकडे निरोप धाडला. ते तर वैतागलेत. गाडी चालवता येत नाही, दारासमोर उभी आहे, वर दोन जुनी लुगडी टाकून ठेवलीत. म्हणाले, मला सायकल बस आहे, आत्ता घेऊन जा. उदकाचं विचारलं तर म्हणाले, दुसऱ्याच्या वस्तूवर पाणी सोडलं तर ते नुसतं पाणी. तुम्ही म्हणाल त्या दिवशी मिहिर आणून लावील.

तीन पत्रांतला मजकूर उतरवून देतो. दादा खोटं बोलला असेल, पण तुमच्याविषयी किती मायेने लिहायचा ते पाहा.

मे १९७९, फियाट. मी जोरात चालवतो. ती शेजारी डोळे मिटून बसते. पाय असा रोवते की जणू ब्रेक तिच्याकडेच आहे. पण हळू चालवा असं कधी म्हणत नाही. हा माझा आनंद आहे हे तिला माहीत आहे.

जानेवारी १९९७, एस्टीम. माळाकोळीचा उतार लागला की ती मनात पाढे म्हणते. एकोणतीसचा संपेपर्यंत उतार संपतो. मला वाटतं ती झोपली आहे, आणि तिलाही मला तसंच वाटू द्यायचं आहे.

ऑगस्ट २०१६, पोलो. लोह्याच्या स्टँडसमोर मी विचारलं की बसने जातेस का. नाही म्हणाली. म्हणाली, घरी तुम्हाला शंभर कामं असतात, इथे तीन तास तरी माझ्याजवळ असता, म्हणून भीतीचं मी काही मनावर घेत नाही.

वाचून मन हलकं होईल. पूर्वीसारखा जीव लावा, एवढंच मागतो.

आपला,
रेणुकादास


नांदेड
२० मार्च २०२५

चि. रेणुकादास भावजी यांस,

आशीर्वाद. हे मनापासून आहेत.

तुम्ही भोळे आहात. मायेने लिहिलंय म्हणून तुम्ही उतरवलंत आणि काय उतरवलंत ते तुम्हाला कळलं नाही. मला सोळापुढचा पाढा कधी आला नाही. एकोणतीसचा पाढा येणारा आमच्या घरात एकच माणूस होता.

लोह्याच्या स्टँडसमोर मी विचारलं होतं, थट्टेने. तुमचा दादा, माझा आलोक, नाही म्हणाला आणि थर्मासमधला चहा ओतू लागला. पुढचं वाक्य तो मला बोलला नाही. ते त्याने तुम्हाला लिहिलं. गाडी चालवणारा तो आणि घाबरणारी मी, अशी जागा बदलून लिहिलं, म्हणजे लिहिता आलं.

मला वाटायचं तो झोपतो. मी त्याला कुंभकर्ण म्हणायची, पाहुण्यांदेखत. म्हणायची की मी एकशेवीसने जाते आणि हे घोरतात. तो हसायचा. चारही गाड्यांमध्ये त्याच्या बाजूची मॅट टाचेखाली फाटायची, एकाच जागी. मी दर वेळी नवी टाकली आणि दुकानदाराला नावं ठेवली. अख्ख्या जिल्ह्याच्या गाड्या मी तपासल्या, भावजी.

त्याने पत्रांतून माझ्या गाड्या देऊन टाकल्या असं मी मागे लिहिलं. ते परत घेते.

गाडी आणू नका. गुरुजींना ती चालवता येणाऱ्याला देऊ द्या. मला आता त्या सीटवर बसलं की डावीकडे बघावं लागेल.

एक काम करा. पत्रं मला पाठवू नका, ती उघडायची माझी हिंमत नाही. ट्रंकेतली सगळी तुम्ही वाचा, ज्योत्स्नाला शेजारी घेऊन, म्हणजे काही निसटणार नाही. मला एवढंच पाहिजे. पंचेचाळीस वर्षांत एका तरी खेपेला, कोणत्याही गाडीत, कोणत्याही रस्त्याला, आज ती घाबरली नाही, आज तिला बरं वाटलं, असं त्याने लिहिलंय का? असेल तर पत्राची तारीख, गाडी आणि त्याचे शब्द जसेच्या तसे उतरवा. नसेल तर नाही म्हणून लिहा. माझी समजूत घालायला एखादी ओळ रचून पाठवू नका. त्याची वाक्यं मला ओळखू येतात, आणि तुमचीही.

पाडवा रविवारी आहे. शनिवार, २९ मार्च, संध्याकाळी पाचपर्यंत तुमच्या हातचं लेखी उत्तर माझ्या दारात पोहोचलं पाहिजे. टपालावर विसंबू नका, मिहिरला बसने पाठवा.

सौदामिनी