सफाईचा कागद

३ ऑक्टोबर १९६३, गुरुवार

अरबांच्या मुलखात पोचलो एकदाचे! मुंबईहून बोटीने नऊ दिवस. त्यातले चार मी उलट्या करण्यात घालवले आणि असमाने खलाशांकडून खजूर उकळण्यात. तीन वर्षांची पोर, पण जीभ माझी घेऊन आलीय. हे धक्क्यावर उभे होते. यांचं नाव यूसुफ. तोंडाने घ्यायची सवय नाही, पण वहीत लिहायला काय हरकत आहे? दोन वर्षांत चांगलं पोट सुटलंय. असमाने बापाला ओळखलं नाही आणि माझ्या बुरख्यात तोंड खुपसलं, तेव्हा यांचा चेहरा एवढासा झाला. मी म्हटलं, चार दिवसांत डोक्यावर बसेल, मग मला सांगू नका.

घर शर्क नावाच्या मोहल्ल्यात आहे, यांच्या आगबोट कंपनीच्या ऑफिसपासून चालत दहा मिनिटांवर. दोन खोल्या, मध्ये फरसबंद अंगण, कोपऱ्यात न्हाणीघर. पाणी टँकरने येतं. गच्चीवरून समुद्र दिसतो आणि त्यात गलबतं. बाणकोटला आमच्या पडवीतून दिसायची तशीच. मी खूश आहे. खोटं कशाला लिहू, खूप खूश आहे.

६ ऑक्टोबर, रविवार

या मुलखात माणसांपेक्षा धूळ जास्त. सकाळी झाडावं, दुपारी पुन्हा बोटभर थर. डब्यात, गादीत, असमाच्या कानात. काल रडकुंडीला आले. हे म्हणाले की ऑफिसातले सगळे सफाईवाली लावतात. एक कंपनी आहे, ती रोज बाई पाठवते, आपण फक्त कागद करायचा. मी आधी नाक मुरडलं. परक्या बाईने माझी भांडी घासायची? मग चटईवरची धूळ बघितली आणि गुमान हो म्हटलं.

८ ऑक्टोबर, मंगळवार

सफाई कंपनीचा माणूस आला. इद्रीस नाव, पांढरा स्वच्छ झगा, बोलणं मधाळ. सोबत सफाईवाली, सुगरा. चाळिशीची, वाळलेली, हात कोपरापर्यंत पांढरे पडलेले. हे ऑफिसात होते. इद्रीसने मोडक्या हिंदीत सांगितलं की कागद घरच्या बाईनेच करायचा असतो. तो मोठ्याने वाचायचा आणि खाली अंगठा द्यायचा, अशी इथली रीत आहे.

कागद अरबीत होता. मला हसू आलं. बाणकोटच्या मदरशात माझी कुराणाची सात खतमं झालीत. शहरबानूसारखे उच्चार गावात कुणाचे नाहीत, असं मौलवीसाहेब म्हणायचे. अर्थ आम्हाला कुणी शिकवला नाही आणि आम्ही कधी विचारला नाही. अरबी अक्षर दिसलं की डोळ्यांना लावायचं आणि वाचायचं, एवढंच ठाऊक. वर बिस्मिल्ला होतं. मी कागद डोळ्यांना लावला आणि सगळा खणखणीत वाचून दाखवला, जेर-जबरची एकही खूण न चुकता. त्यात माझं नाव आलं, यांचं आलं, असमाचंही आलं. इद्रीसने मान डोलावली. सुगराच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं. मला वाटलं, माझ्या वाचण्याने आलं. केवढी फुशारले मी!

अंगठाही दिला. सही येत असून.

१२ ऑक्टोबर, शनिवार

काम चोख आहे, पण बाई डोक्यात जाते. फरशीवर धूळ राहिली तरी चालते तिला, माझ्या वस्तू मात्र सोडत नाही. माहेरून आणलेलं सुकट केरात. लोणच्याची बरणी घासून पालथी घातलेली. ट्रंकेवर माझं नाव रंगवलेलं होतं, ते कसल्याशा पांढऱ्या पावडरीने घासून काढलं. मी ओरडले, तर ही आपली खाली मान घालून बादली पिळतेय. एक शब्द नाही. मुकी आहे की काय? वर असमाला मात्र हातातलं काम टाकून बघत बसते.

१७ ऑक्टोबर, गुरुवार

आज हद्द झाली. लग्नाचा फोटो पुसताना तिने नेमकी माझी बाजू पुसली. हे उभे आहेत, फेटा आहे, हार आहे, आणि शेजारी कोरा कागद.

यांना दाखवला. यांनी बराच वेळ बघितला आणि म्हणाले, चांगला तर आलाय फोटो. थट्टा असेल. यांना थट्टा करता येत नाही, तरीही असेल.

२१ ऑक्टोबर, सोमवार

असमाला घेऊन सफाई कंपनीच्या ऑफिसात गेले. मासळी बाजारामागे एक खोली, एक टेबल, आणि भिंतीला टांगलेल्या बादल्या. इद्रीसला सांगितलं की बाई बदलून द्या. तो हात जोडून म्हणाला, बदल चालूच आहे, थोडा वेळ लागतो. मी कागद परत मागितला, तर माझी प्रत त्याने लगेच काढून दिली. एवढी तत्परता बघून मीच शुक्रिया म्हणून निघाले.

घरी आले तर सुगरा माझ्या चटईवर बसून माझा चहा पीत होती. उठली नाही. मला राग यायला हवा होता. मी वाकले आणि तिचा रिकामा पेला उचलून विसळला. का विसळला, ते मला सांगता येणार नाही.

२५ ऑक्टोबर, शुक्रवार

सुट्टी म्हणून सुगराला येऊ नको सांगितलं होतं, तरी आली. यांनी तिला बस म्हटलं. मग स्वयंपाकघरात येऊन मला म्हणाले, अंगण राहिलंय, ते आधी कर. दोन वर्षं पत्रांतून सलाम लिहिणारा माझा नवरा, आणि नजर कशी, तर भिंतीकडे बघावी तशी. मी ओरडले, मी शहरबानू! ते दचकले आणि सुगराला म्हणाले की नवी बाई जरा तापट दिसते.

भीती वाटतेय. 

असमा मला अम्मी म्हणते. ती म्हणते आहे तोवर काही बिघडलेलं नाही.

२८ ऑक्टोबर, सोमवार

शेजारच्या फखरुन्निसाला कागद दाखवला. माणसं महाडची, पण ती वाढली बसऱ्याला, अरबी बोलते. वाचता वाचता तिचा रंग उडाला. पुन्हा वाचलं. मग मला अर्थ सांगितला: मी, शहरबानू, हे घर, घरधनी आणि लेकरू सुगराच्या हवाली करते. तिचं काम माझ्या अंगावर घेते. माझं जे जे या घरात आहे ते घासून निघेपर्यंत सफाई चालेल. हे मी माझ्या तोंडाने वाचून कबूल केलं आहे. दुसरी कुणी असंच वाचेल तेव्हाच मी सुटेन.

ती म्हणाली, बाई, तू हे वाचलंस? मोठ्याने?

छान वाचलं, म्हटलं. एकही चूक केली नाही.

२९ ऑक्टोबर, मंगळवार

असमाला कडेवर घेतलं आणि बंदराकडे निघाले. दाराच्या उंबऱ्यावर पाय थांबले. रडले, ढकललं, खाली बसून सरकून बघितलं. नाही. मग सुगराने मागून असमाला उचलून घेतलं आणि माझ्या हातात घाण पाण्याची बादली दिली. पाय सरळ बाहेर पडले. गटारापर्यंत. तिथून एक पाऊल पुढे नाही.

फखरुन्निसा तिच्या दारात होती. मी हाक मारली. तिने मला तिचंही पायपुसणं झटकायला दिलं.

३१ ऑक्टोबर, गुरुवार

सुगरा बोलली. आमच्याच बोलीत! दाभोळची आहे. अकरा वर्षांपूर्वी तिनेही असाच कागद वाचला होता, तिचाही आवाज गोड होता. तिचा मुलगा आता इथेच, फरवानिया वस्तीत दुकान चालवतो. ती त्याच्या दारावरून जाते, तो ओळखत नाही. म्हणाली, बाय गो, रडू नको, तुलापण कोणतरी मिळंल वाचणारी.

मी म्हटलं, मी कुणाला वाचायला लावणार नाही.

ती म्हणाली, मीपण असाच म्हणायची.

तिच्यावर राग धरता येत नाही. हेच सगळ्यात वाईट.

२ नोव्हेंबर, शनिवार

हात पांढरे पडतायत. नखांपासून वर. ट्रंक गेली, कपडे गेले, सासूबाईंनी दिलेली बांगडी घासून घासून विरली. मीच घासते. थांबवायचं म्हटलं तरी हात थांबत नाहीत. ही वही पिठाच्या डब्यात—

रात्री झोपायला कंपनीच्या खोलीवर. इद्रीसची गाडी नेते, सकाळी आणते. खोलीत चौदा जणी. कुणी कुणाला नाव विचारत नाही.

असमा आजही मला बिलगली. सुगराने ओढली तरी सुटेना. अम्मी म्हणाली. सुगराला नाही, मला—

५ नोव्हेंबर, मंगळवार

इद्रीस आला होता. सगळं घर बघितलं, भिंतीवरून बोट फिरवलं. समाधानी. म्हणाला, एकच डाग उरलाय. असमाकडे बघून म्हणाला.

उद्या तिची आंघोळ. त्या पावडरीची.

मी पाया पडले. तो म्हणाला, तू नको म्हणत असशील तर सुगरा घालेल. सुगराचे हात मला माहीत आहेत. अकरा वर्षं फरशा घासलेले. मागे तिने ट्रंकेवरचं नाव काढलं तेव्हा पत्रा दिसायला लागला होता—

माझ्या पोरीची कातडी—

नाही.

६ नोव्हेंबर, बुधवार

मीच घातली.

पाणी कोमट केलं. पावडर चिमूटभर घेतली, पुरेल एवढीच. हात हलके ठेवले. डोळ्यांत जाऊ दिली नाही.

पहिल्या तांब्याला हसली. अम्मी, गुदगुल्या होतात, म्हणाली.

दुसऱ्या तांब्याला बोटीतली गोष्ट सांगत होती. खजूर कुणी दिले ते. कुणाबरोबर आली, तिथे अडली. आठवेना. मी सांगणार होते—

तिसरा तांब्या मी हातात धरून बसले. किती वेळ, माहीत नाही. सुगरा दारात येऊन उभी राहिली, बाह्या वर करत. मग ओतला.

अंग पुसलं. केस पुसले. कुठेही लाल झालेलं नाही. एकही ओरखडा नाही, नीट बघितलं.

तिने माझ्याकडे बघितलं. छान बघितलं, भ्यायली नाही. मग खोलीकडे तोंड करून हाक मारली, अम्मी, ही बाई का रड—