जाड केबल की बारीक

उतुआदो, १२ फेब्रुवारी २०१९

चि. नेरेइदास अनेक आशीर्वाद.

उत्तराला फार उशीर झाला, रागावू नकोस. तुझं नाताळचं पत्र आल्यापासून लिहायला बसतो आणि काहीतरी काम काढून उठतो. फोनवर या डोंगरामुळे अर्धं बोलणं हवेतच राहतं, आणि मी ओरडलो की तू घाबरतेस.

मागच्या छोट्या घराचा स्लॅब घालून झाला. वादळात पत्रे उडाले तेव्हाच ठरवलं होतं, तुमच्यासाठी बांधायचं ते सिमेंटचंच. आता वीज राहिली. आपल्या बोर्डापासून चर खणून त्या घरात वेगळा छोटा बोर्ड द्यायचा. वादळानंतर रस्त्याकडेला पडलेली तीन तारांची केबल मी गुंडाळून ठेवली होती, तीच काढली. हेनारो वायरमनने ती पाहून कपाळाला हात लावला. म्हणाला, अन्सेल्मो, असली केबल आपले बाप घालायचे. दुसऱ्या घराला नेताना दोन फेज, एक न्यूट्रल आणि अर्थिंगची तार वेगळी, म्हणजे चार लागतात. नाहीतर न्यूट्रल तुटला की न्हाणीघरातला नळच तुझ्या नातीला झटका देईल. त्याचं बोलणं तुला माहीत आहे. मी मात्र ती केबल पुन्हा गुंडाळून ठेवली.

आता चार तारांचीच घ्यायची, पण जाड की बारीक, तिथे घोडं अडलंय. नीरफणसाच्या झाडाला वळसा घालून न्यायची म्हणजे अंतर बरंच. हेनारो म्हणतो, दिवे, पंखा, लहान फ्रिज एवढंच असेल तर बारीक पुरे. विजेची शेगडी, बंब, कपड्यांचं मशीन, एसी असेल तर जाडच हवी, नाहीतर तारा तापतील. तिथे पाहुणे उतरणार की बिऱ्हाड राहणार, ते आधी सांग म्हणतो. मी म्हटलं, मुलीला विचारतो. चर उघडाच ठेवलाय. एकदा बुजवून वर काँक्रीट टाकलं की मग काही बदलता येणार नाही.

तू एवढंच लिही, स्वयंपाक कशावर करशील. एफ्राइनला आणि यारीला आशीर्वाद.

तुझा बाबा


ऑरलँडो, ३ मार्च २०१९

ती. बाबांस सा. न. आशीर्वाद असू द्यावा.

तुमचं पत्र वाचून दोनदा कागद पुढ्यात घेतला आणि बाजूला ठेवला. बाबा, बारीकच घाला. नाताळला आठवडाभर येऊ, तेव्हा दिवा आणि पंखा असला की झालं. स्वयंपाक मी तुमच्याच चुलीपाशी करीन. नाहीतरी माझ्या तुरीच्या भाताला नावं ठेवायला तुम्ही शेजारी लागताच.

एफ्राइनची नोकरी कायम झाली. यारी आता बाहुलीशीसुद्धा इंग्रजीत भांडते. वादळानंतर इकडे निघताना विमानतळावर मी म्हटलं होतं, तुम्ही घर बांधा, आम्ही परत येतोच. तेव्हा मला ते खरंच वाटत होतं, बाबा. तुम्हाला बरं वाटावं म्हणून बोलले नव्हते.

तुम्हीच इकडे या ना. एफ्राइन म्हणतो, सासरेबुवांनी फक्त कोंबडे आणू नयेत, शेजारी पोलीस बोलावतील. खोली आहे. चर उघडा ठेवू नका, अंधारात पाय पडेल. लोभ आहेच, तो कमी करू नका.

तुमची
नेरेइदा


उतुआदो, २४ मार्च २०१९

चि. नेरेइदास आशीर्वाद.

पत्र पोचलं. नोकरी कायम झाली, देवाची कृपा. बारीकच घातली.

हेनारोला सांगितलं तेव्हा तो अंतर मोजायला लागला. मग मीच विचारलं, केबल बारीक, पण पाइप मोठा घालता येईल का? म्हणाला, म्हातारा झालास, बारीक तारांना कशाला हवा एवढा पाइप. पण घातला. तारा ओढून झाल्यावर त्याने आपणहून नायलॉनची एक दोरी आत सोडली आणि दोन्ही टोकं बांधून ठेवली. पुढे कधी जाड केबल लागली तर या दोरीला बांधून ओढायची, काँक्रीट फोडायला नको. “राहू दे आत,” तो म्हणाला. “तिला कुठे खायला घालायचंय.”

म्हणून तुम्ही आलंच पाहिजे असं नाही. मनाला लावून घेऊ नकोस. मला तिकडे येणं जमायचं नाही. कोंबड्या, कॉफीची झाडं ही सगळी निमित्तं. तुझी आई इथे टेकडीवर मातीआड आहे, रविवारी मी गेलो नाही तर तिला तुमची खबर कोण सांगणार? तुझं हे पत्र अजून सांगितलेलं नाही.

छोट्या घरातला दिवा लागला. जेवायला बसलो की इथून त्याची खिडकी दिसते. हेनारो सकाळी विचारत होता, रिकाम्या घरात दिवा का जळतोय. मी म्हटलं, केबल तापते का बघतोय.

नाताळला नक्की कोणत्या दिवशी येता, आणि यारीला पंखा कुठल्या बाजूला हवा, तेवढं लवकर कळव. दोनच ओळी लिहिल्यास तरी चालतील, पण लवकर.

तुझा बाबा