अकरा नंबरचं गाठोडं

मंगळवार, ४ जून

माझं आयुष्य बदललं ते आज सकाळी नऊ वाजून दहा मिनिटांनी. सर्जन बाहेर आले, तोंडावरची पट्टी खाली ओढली आणि म्हणाले, गाठ अख्खीच्या अख्खी निघाली, फुटली नाही. मेंढ्या राखणाऱ्या कुत्र्यांपासून होणारी पाण्याची गाठ. माझ्या बायकोच्या, नेलिदाच्या यकृतात वर्षानुवर्षं वाढत होती. मी भर व्हरांड्यात सर्जनना मिठीच मारली. सासूबाई, फाउस्तिना, डोळे पुसत म्हणाल्या, बघ विल्मेर, याला म्हणतात शिक्षण. तू पूल बांधायचं शिक्षण अर्धं सोडलंस, माझी पोरगी मात्र पुरी पळवलीस! आज त्यांचा टोमणाही गोड लागला.

सासूबाई मेंढ्यांसाठी गावी परतल्या. मी दवाखान्यासमोर माडीवर खोली घेतलीय. खिडकीतून तिचा वॉर्ड दिसतो, मागे सरोवर. चुन्योचं, म्हणजे गोठवून वाळवलेल्या बटाट्यांचं सूप शिकून घेतलं. भिंतीला चुनाही लावणार आहे. ती येईल तेव्हा खोली अशी चकचकीत हवी की तिनं मला वेडा म्हणावं.

गुरुवार, ६ जून

नेलिदा आज दहा पावलं चालली. माझ्या एका हातात जखमेच्या निचऱ्याची पिशवी, दुसऱ्यात तिचा दंड. पण ती हसत नाही. घास तोंडात धरून बसते. नावानं हाक मारली की दचकते आणि ऑपरेशनच्या खोलीकडे बघते. डॉक्टर म्हणतात, भुलीनंतर होतं असं.

सासूबाईंचं फोनवर वेगळंच. भुलीत जीव अंगाबाहेर पडतो, घाबरतो आणि त्या दारापाशीच बसून राहतो. त्याला बोलवावं लागतं. तिच्या अंगावरचा, न धुतलेला कपडा घे, दारापाशी उभा राहा, नाव घेऊन हाक मार, मागे न बघता परत ये आणि कपडा तिच्या अंगावर घाल. आमच्याकडे लहान पोर जोरात पडलं तरी हे करतात. आईनं माझंही केलं होतं. मी हो म्हणालो. त्या म्हणाल्या, डोकं थंड ठेवून करा जावईबापू, एवढं तरी पुरं करा.

शुक्रवार, ७ जून

रुग्णांचे कपडे सांभाळणाऱ्या बाईंकडे गेलो. अकरा नंबरची खाट, म्हणालो. त्या वही उघडून म्हणायला लागल्या, थांब, नाव जुळवू दे. माझं डोकं सटकलं. तिकडे माझी बायको अर्धी होत चाललीय आणि तुम्ही पानं चाळा! त्यांनी गाठोडंच फेकलं. घे बाबा, माझं डोकं खाऊ नकोस. आत तपकिरी शाल होती. नेलिदाला इथे आणलं तेव्हा मी ट्रक घेऊन हुलियाका शहरात गेलो होतो. तिच्या अंगावर काय होतं ते मी पाहिलंच नव्हतं.

भर दुपारी ऑपरेशनच्या खोलीच्या दारापाशी उभा राहिलो. आधी लाज वाटली, मग सुटलोच. ये गं राणी, बटाटे उकडलेत, गारठ्यात बसू नकोस, तुझ्यावाचून खोली खायला उठते. नाव घ्यायचं राहिलं, हे आत्ता लिहिताना लक्षात आलं. पण मी तिला एरवीही राणीच म्हणतो. तिला कळेल.

परतताना शाल हातात जड झाली. भिजलेल्या लोकरीसारखी. मागे बघितलं नाही.

शाल अंगावर पडताच नेलिदानं वाडगाभर सूप संपवलं. माझा जीव भांड्यात पडला.

सोमवार, १० जून

घरी सोडलं. टाके कोरडे. भूक दांडगी. शाल काढत नाही. बटाटे डाव्या हातानं सोलते. जुन्या म्हाताऱ्यांसारखी आयमारा भाषा बोलते. नेलिदाला त्या भाषेत शिव्यांपलीकडे काही येत नव्हतं. आज मला पोरा म्हणाली. माझ्याहून सहा महिन्यांनी लहान आहे ती.

औषधांमुळे असेल.

बुधवार, १२ जून

सासूबाई आल्या आणि दारातच थबकल्या. म्हणाल्या, ही शाल आमची नाही. हिला मी निळा स्वेटर घातला होता.

धावत कपड्यांच्या बाईंकडे गेलो. वही निघाली. नेलिदाच्या आधी अकरा नंबरवर सेनोबिया नावाची म्हातारी होती. एक तारखेला ऑपरेशनच्या टेबलावरच गेली. न्यायला कुणी आलं नाही. बाईंनी निळ्या स्वेटरचं गाठोडं पुढं सरकवलं. नाव जुळवू दे म्हणत होते ना मी? तू ऐकतोस कुणाचं?

गुरुवार, १३ जून

सासूबाई स्वेटर घेऊन त्या दारापाशी गेल्या. पूर्ण नाव घेऊन हाक मारली. परत आल्या तेव्हा स्वेटर ओझ्यासारखा दोन्ही हातांवर पेलून होत्या. नेलिदाच्या अंगातली म्हातारी शेगडीपाशी बसली होती. वळलीसुद्धा नाही. इथे जागा नाही, म्हणाली.

सासूबाईंनी शाल ओढली. तिनं घट्ट धरली, टाक्यांतून रक्त आलं. सोडली.

म्हणाल्या, तू बोलावलंस, तूच घालव.

शुक्रवार, १४ जून, सकाळ

जा म्हणालो. हात जोडले. शिव्या घातल्या. ती बटाटे सोलत राहिली. म्हणाली, चाळीस वर्षांत मला कुणी असं बोलावलं नव्हतं. बटाटे उकडलेत म्हणालास. राणी म्हणालास. आता कुठे जाऊ, पोरा?

मला रडू आलं. तिच्यासाठी. लाज वाटते —

दुपार

स्वेटर हलका होतोय, त्यातली नेलिदा निसटत चाललीय. सासूबाई खाली गाडी घेऊन थांबल्यात. उरलंय तेवढं तरी गावी नेऊ म्हणतात, मेंढ्यांच्या कुरणात, जिथे ती जन्मली. आणि अंग? अंगाचं त्या बोलत नाहीत. टाके सोमवारी काढायचेत. पट्टी कोण —

नेलिदा कुठली? खाटेवरची की हातातली?

चार वाजता

निघालो. स्वेटर छातीशी. ऊब आहे. थोडी.

ती उठली. पोट धरून. विल्मेर, पाणी दे, म्हणतेय. आवाज नेलिदाचा. हुबेहूब. फसायचं नाही — मागे बघायचं नाही —

उंबरा ओलांडला. दार ओढलं. बाहेरून कडी. जिन्यात उभा राहून लिहितोय.

आतून दारावर थाप. एकच. हळू.

आणि स्वेटर — हातातला स्वेटर एकदम हलका, रिकामा — विल्मेर म्हणाली होती ती, पोरा नाही —